कंपायलर आणि पुढे लावलेलं घड्याळ

आमच्या गावच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी आपल्या नोकरीविषयी लिहितं. बँकेतल्यांनी लिहून झालं, शिक्षकांनी लिहून झालं, कस्टममधून निवृत्त झालेल्या एका काकांनी तर तीन वर्षं ओळीने लिहिलं. यंदा संपादक मला म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरमधले. तुम्ही लिहा. पण समजेल असं लिहा." त्यांच्या त्या 'पण'मुळे मी बरेच दिवस कागद पुढे घेऊन नुसता बसलो.

कारण पहिल्या नोकरीत मी नक्की काय करत होतो हे माझ्या घरातसुद्धा कोणाला कळलं नव्हतं. आई पाहुण्यांना सांगायची, "तो मशीन बनवतो." मी मशीन बनवत नव्हतो. बाबा सांगायचे, "प्रोग्राम लिहितो." मी तोही लिहीत नव्हतो. मी प्रोग्राम तयार करायचं हत्यार बनवत होतो, आणि तेही परदेशातल्या लोकांनी आधीच लिहून ठेवलेलं. हे मी एकदा बाबांना नीट समजावून सांगितलं. ते चाफ्याच्या कळ्या टोपलीत लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "हत्यार बनवतोस. बरं. मग काम कधी सुरू करणार?"

आमची वसईजवळ भुईगावला वाडी आहे. केळी, चाफा, थोडी पानवेल. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे माझी डिग्री ही एकट्या माझी नव्हती, ती वाडीतल्या रहाटापासून चुलत्यांच्या सायकलीपर्यंत सगळ्यांची होती. इंजिनियर झाल्यावर वर्षभर मी घरी बसलो. त्या काळात गावात कोणी भेटलं की विचारायचं, "काय, लागलास का कुठे?" मी "बघतोय" म्हणायचो. बाबांनी मात्र एकदाही विचारलं नाही. त्यांचं न विचारणं जास्त जड होतं.

मग वसई पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात नोकरी लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती आता नाही, आणि होती तेव्हाही फारशी नव्हती. मालक सबनीस साहेब. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, मग वजनकाटे बनवू लागले, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता ते 'टेक्नॉलॉजीत' उतरले होते. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"लिनक्स येतं?"

"थोडंसं, सर."

"पूर्ण येतं असं म्हणणारे पगार फार मागतात," साहेब म्हणाले, आणि मला घेतलं. सहा महिने तात्पुरता, काम दाखवलं तर कायम.

काम होतं बर्फ कारखान्याच्या डब्याचं. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याची एक मोठी टाकी असते. ते पाणी शून्याच्याही खाली थंड ठेवतात आणि त्यात गोड्या पाण्याचे उभे डबे सोडतात. त्यातून बर्फाच्या लाद्या निघतात. टाकीचं तापमान सतत बघावं लागतं. साहेबांनी एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबा बनवायचं ठरवलं होतं. तो तापमान मोजणार, साठवून ठेवणार आणि गरज पडली तर भोंगा वाजवणार. पहिलं गिऱ्हाईक किनाऱ्याकडच्या एका बर्फ कारखान्याचे मालक, बाळाशेठ. त्यांना डबा नारळी पुनवेच्या आत हवा होता, कारण पुनवेनंतर होड्या समुद्रात जातात आणि बर्फाला श्वास घ्यायला उसंत नसते. डबा चालला तर बाळाशेठ आपल्या ओळखीच्या सगळ्या कारखान्यांना सांगणार होते. नाही चालला तरीही सांगणार होते.

आता हत्याराविषयी. संपादकांनी म्हटल्याप्रमाणे, समजेल असं.

माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. चिपला ती भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो, तो कंपायलर. आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधला दुभाषा फक्त त्या कॉम्प्युटरच्या चिपची बोली जाणतो. डब्यातली चिप वेगळ्या जातीची, तिची बोली वेगळी. आणि डबा इतका लहान, की दुभाष्याला त्यात बसायलाच जागा नाही. म्हणून असा एक दुभाषा लागतो जो राहतो आपल्या टेबलावर आणि लिहितो डब्याच्या बोलीत. त्याला म्हणतात क्रॉस कंपायलर. त्याच्यासोबत तुकडे जोडणारा लागतो, नेहमीच्या कामांची तयार लायब्ररी लागते. हा सगळा संच म्हणजे टूलचेन.

असा संच विकत मिळायचा. साहेबांनी किंमत विचारली आणि फोन ठेवताना त्यांना देशाभिमान आठवला. "आपण स्वतः बनवायचा," ते म्हणाले. "सोर्स कोड फुकट आहे. जगाला दिलाय. मग आपण बाहेरच्यांना का पोसायचं?" त्याच आठवड्यात त्यांनी बाळाशेठना फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, "आमचा स्वतःचा कंपायलर आहे. संपूर्ण देशी." तेव्हा आमच्याकडे कंपायलर तर नव्हताच, त्याचा सोर्सही, म्हणजे मूळ लिखाणही, अजून परदेशातच होतं.

तो उतरवायला मी माणिकपूरच्या एका सायबर कॅफेत बसायचो. फोनच्या तारेवरून थेंब थेंब यायचा. कॅफेवाला माझ्या खांद्यावरून बघायचा.

"एवढ्या टायमात लोक अख्खा पिक्चर उतरवतात. तू काय उतरवतोस?"

"कंपायलर."

"चालतो का?"

"नाही, आधी बनवावा लागतो."

"कशाने?"

"दुसऱ्या कंपायलरने."

"म्हणजे एक आहे तुझ्याकडे. मग दुसरा कशाला?" तेवढ्यात लाइन तुटली आणि आम्ही दोघंही सुटलो.

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. या कामातली खरी गंमत तीच आहे. पूर्ण कंपायलर बनवायला लायब्ररी तयार असावी लागते, आणि लायब्ररी बनवायला कंपायलर लागतो. शिडी करायची तर लाकडं माळ्यावर, आणि माळ्यावर चढायला शिडी नाही. मग काय करतात, तर आधी एक अर्धवट, लंगडा कंपायलर बनवतात. त्याच्याने लायब्ररी. त्या लायब्ररीच्या जोरावर पुन्हा पहिल्यापासून, आता धडधाकट कंपायलर. यातल्या प्रत्येक वस्तूच्या अनेक आवृत्त्या, आणि कोणती कोणाशी नांदते हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. एका सुनेचं सासूशी पटेना म्हणून सासू बदलावी, तर ती जावेशी बोलेना. असे माझे दोन-तीन महिने गेले.

हजारो फायली असतात. त्यांच्यावर देखरेख करायला एक प्रोग्राम असतो. त्याला मी मनातल्या मनात मुकादम म्हणायचो. हा मुकादम कामाच्या आत डोकावत नाही. तो फक्त वेळ बघतो. मूळ फाईल कधी लिहिली आणि तिच्यापासून बनवलेला तुकडा कधी बनला, एवढंच. तुकडा मुळापेक्षा नंतरचा असेल तर "झालेलं आहे" म्हणून तो पुढे जातो. मूळ नंतर बदललं असेल तर तेवढा तुकडा पुन्हा बनवतो. पद्धत चांगली आहे. आमच्याकडे तर तिच्यावाचून चालण्यासारखंच नव्हतं, कारण भर दुपारी लोडशेडिंग असायचं. अडीच तास वीज जायची, काम अर्ध्यावर मोडायचं, वीज आली की मुकादम राहिलेलं उचलायचा. इन्व्हर्टर होता, पण तो साहेबांच्या केबिनमधल्या पंख्याला होता.

सुरुवातीला साहेबांनी मला एक नियम घालून दिला होता. स्क्रीनवर शेकडो इशारे धावताना पाहून मी घाबरलो होतो. ते म्हणाले, "वॉर्निंगकडे बघायचं नाही. एरर आली तर थांबायचं. वॉर्निंग म्हणजे बायकोची कटकट." मी तेव्हा अविवाहित होतो, मी नियम पाळला.

आमच्या ऑफिसात एकच दमदार कॉम्प्युटर होता. त्याला सगळे 'मोठं मशीन' म्हणत. कंपायलर त्यावरच बनत होता आणि हजेरीही त्यावरच लागायची. सकाळी आत आल्यावर आपलं नाव टाइप करायचं, मशीन वेळ नोंदवायचं. नऊनंतर आलात तर उशिराची खूण. संध्याकाळी सहा वाजल्यावर पुन्हा नाव टाइप करून सुटायचं. हा हजेरीचा प्रोग्राम साहेबांनी स्वतः लिहिला होता आणि त्यांच्या सगळ्या उत्पादनांत तेवढाच एक न चुकता चालायचा.

त्या मशीनचं घड्याळ पुढे असायचं. यात मला काहीच वावगं वाटलं नाही. वसईत कोणाचं घड्याळ पुढे नसतं? गाडी, एसटी, शाळा, फुलांचा टेम्पो, जे काही गाठायचं असतं त्याच्या हिशेबाने प्रत्येक घर आपलं घड्याळ पुढे लावून ठेवतं. कोणी पाच मिनिटं, कोणी दहा. आमच्या घरचं पंधरा मिनिटं पुढे. 'किती वाजले' असं विचारलं की इथला माणूस आकडा सांगतो आणि मागून 'पण पुढे आहे' असंही सांगतो.

साहेबांचं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. सकाळी. संध्याकाळी पाचच्या सुमारास साहेब केबिनमधून यायचे, "जरा मशीन बघू" म्हणून बसायचे आणि उठायचे. त्यानंतर ते घड्याळ वीस मिनिटं मागे असायचं. म्हणजे यायला आम्ही लवकर आणि जायला उशिरा, आणि दोन्ही वेळेला मशीन साक्षीदार. हे सगळ्यांना माहीत होतं. हिशेब आणि ऑफिस बघणाऱ्या ग्रेसी मॅडम माणिकपूरच्या. त्या आपलं मनगटी घड्याळ चर्चच्या घंटेवर लावायच्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "आपल्या ऑफिसात दिवस चोवीस तासांचा नसतो रे बाबा. सरांना लागेल तेवढा असतो." आम्ही हसलो आणि कामाला लागलो. मीसुद्धा हसलो. नोकरी टिकवायची होती.

शेवटी कंपायलर उभा राहिला. त्याच्यातून पहिला प्रोग्राम डब्यात गेला आणि डब्याने स्वतःहून एक ओळ लिहून दाखवली. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. साहेबांनी पेढे मागवले आणि नवं माहितीपत्रक छापायला टाकलं. त्यात कंपायलर 'आमच्या संशोधन विभागाने' तयार केल्याचं लिहिलं होतं. संशोधन विभाग पेढा खात उभा होता.

मग आम्ही डबा घेऊन बाळाशेठच्या कारखान्यात गेलो. अमोनियाचा वास, ओली फरशी, लाद्या सरकवणारी माणसं. टाकीत डब्याची तापमान मोजणारी तार सोडली. बाळाशेठ लुंगी सावरत जवळ आले. पडद्यावर आकडा उमटला. पाण्याला उकळी फुटते त्याच्याही कितीतरी पुढचा.

बाळाशेठनी आकडा वाचला. टाकीकडे पाहिलं. मग एका कामगाराला हाक मारली, "ए, चहाची पावडर आन रे. पानी उकललंय."

सगळा कारखाना हसला. साहेब म्हणाले, "कॅलिब्रेशन बाकी आहे, शेठ."

"ते कोन?"

"म्हणजे... जुळणी."

"जुलवा, जुलवा. पन पुनवेच्या आदी जुलवा. नायतर तुमचा देशी डबा मी मासली ठेवायला घेईन. फुकट."

परत येऊन गाळ्यापाशी रिक्षातून उतरल्यावर साहेब म्हणाले, "राऊत, पुनवेपर्यंत आकडा बरोबर आला तर तुम्ही कायम. नाही आला तर तुमची वाडी आहेच. केळी मोजायला कंपायलर लागत नाही."

मी घरी काही सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात आईने सत्यनारायणाचं मनात धरलं होतं, मी कायम झाल्यावर घालायचा. तिने गुरुजींनाही बोलून ठेवलं होतं.

चूक कुठे आहे हे मला लवकरच सापडलं. डब्यातल्या चिपला अपूर्णांकांचं गणित जमत नाही. ते काम कंपायलरने आपल्या पोटातल्या एका भागाकडून करून घ्यायचं असतं, आणि तो भाग या चिपच्या बाबतीत आकड्याचे दोन तुकडे उलटसुलट मांडत होता. यावरची दुरुस्ती परदेशातल्या कोणीतरी आधीच लिहून ठेवली होती. मोजून आठ-दहा ओळी. मी एका संध्याकाळी चहा झाल्यावर त्या ओळी घातल्या, मुकादमाला हाक मारली, त्याने थोडी हालचाल केली, झालं म्हणाला. डबा लावला. टाकीऐवजी ग्रेसी मॅडमच्या पाण्याच्या ग्लासात तार बुडवली. पाणी पुन्हा उकळत होतं.

फाईल उघडून पाहिली. दुरुस्ती जागेवर होती. डब्यात मात्र तिचा पत्ता नव्हता.

मी दुसरी एक दुरुस्ती केली, वेगळ्या फाईलमध्ये. ती लागू पडली, पण तिचा या आजाराशी संबंध नव्हता. तिसरी केली, ती नाही लागली. काही लागायच्या, काही नाही. नियम सापडेना. मी इंटरनेटवर त्या कामातल्या जाणकारांना मोडक्या इंग्रजीत विचारलं. एकाने उलट विचारलं, दुरुस्ती खरंच केली आहे का? मला अपमान वाटला. मी सहा ओळींचं उत्तर लिहिलं आणि त्यात चार वेळा 'आदरणीय' म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं, सगळं पुसून पहिल्यापासून बनवा.

मी साहेबांना विचारलं, "सर, सगळं पुसून पुन्हा बनवू का? दोन दिवस लागतील."

"झालेलं पुसायचं?" साहेबांनी चष्मा काढला. "माहितीपत्रक छापून झालंय आणि तुम्ही कंपायलर पुसताय?"

आमच्या घरात मोठ्यांनी नाही म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती. मी तीच पद्धत नोकरीत घेऊन गेलो होतो. बाहेर येऊन बसलो.

पुनव आठवड्यावर आली. त्या संध्याकाळीही असाच चहा झाला होता, साहेब "जरा मशीन बघू" करून गेले होते. दुपारी वीज आल्यावर ती दुरुस्ती काढून मी तो तुकडा नव्याने बनवला होता, चहानंतर तीच पुन्हा घातली. आता मात्र मुकादमावर विश्वास न ठेवता दोन्ही फायलींच्या वेळा काढून बघितल्या. तुकडा बनला होता पाच वाजून दहा मिनिटांनी. आणि मी आत्ता, या क्षणी केलेली दुरुस्ती पावणेपाचची होती.

मला वाटलं माझंच डोकं फिरलं. तुकडा आधी बनवला हे मला पक्कं आठवत होतं, वीज आल्यावर बनवला होता, त्यानंतर चहा, त्यानंतर दुरुस्ती. मी काय चहा पिऊन मागच्या वेळेत गेलो होतो? ग्रेसी मॅडम समोर छत्री शोधत होत्या. मी विचारलं, "मॅडम, किती वाजले?"

त्या थांबल्या. "सरांचे सांगू की खरे?"

मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

पाचनंतर घड्याळ चाळीस मिनिटं मागे जायचं. त्यानंतरची चाळीस मिनिटं मशीनच्या लेखी आधी होऊन गेलेली असायची. नेमक्या त्याच वेळात, वीज परतल्यावर बनवलेलं तपासून आणि चहा पिऊन, मी दुरुस्ती करायचो. मुकादम बघायचा, तुकडा दुरुस्तीच्या नंतरचा दिसतोय, म्हणजे झालेलं आहे. आणि पुढे जायचा. रोज. सकाळच्या दुरुस्त्या लागायच्या, संध्याकाळच्या वाया. मी स्क्रीनवरच्या जुन्या ओळी वर सरकवून पाहिल्या. मुकादम बिचारा रोज ओरडत होता: घड्याळात गडबड आहे, काम अपुरं राहिलं असेल. पण ती होती वॉर्निंग. वॉर्निंगकडे बघायचं नव्हतं.

जगात हे काम करणारे हजारो असतील. पण मशीनचं घड्याळ रोज पुढे-मागे होतं हे डोळ्यांनी बघून, त्यावर हसून, तरीही ते मनातसुद्धा न आणणारा मी एकटाच असेन. वसईबाहेरच्या माणसाला पहिल्याच दिवशी संशय आला असता. आम्हाला पुढे असलेलं घड्याळ दिसतच नाही.

आता प्रश्न उरला सांगायचा. चूक सांगायची म्हणजे साहेबांना त्यांच्या तोंडावर सांगायचं, की तुम्ही आमचा वेळ चोरता. आणि मला कायम करणं त्यांच्याच हातात. मी आरशासमोर तीन-चार वाक्यं बसवली. एकही पूर्ण होईना.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो तर आत बाळाशेठ बसले होते. पुनवेची आठवण करून द्यायला आले होते. मी परत फिरत होतो, साहेब म्हणाले, "या, या. शेठना सांगा काय प्रगती."

"सर, चूक सापडली."

"वा! काय होती?"

"सर... ते मोठं मशीन आहे ना, त्याचं घड्याळ, म्हणजे, कधी कधी, कोणाच्या तरी हातून..."

साहेबांचा चेहरा बदलला नाही. पंखा फिरत होता.

"घड्याळाचा कंपायलरशी काय संबंध?"

मी संबंध सांगितला. शक्य तितक्या सभ्यपणे, कोणाचं नाव न घेता. घड्याळ सकाळी आपोआप पुढे जातं आणि संध्याकाळी आपोआप मागे येतं, असं सांगितलं. बाळाशेठ आधी माझ्याकडे बघत होते, मग साहेबांकडे बघू लागले. रोज कामगार राबवणारा माणूस, त्याला हजेरीतली खोच कळायला वेळ लागला नाही.

"सबनीससाहेब," ते हळूच म्हणाले, "म्हंजे तुमी पोरांची इस-इस मिन्टं खाल्ली, आनि तुमच्या मशीननं तुमचे म्हयने खाल्ले?" आणि मग ते हसायला लागले. लुंगीचं टोक तोंडाला लावून हसले. "देशी! एकदम देशी!"

साहेब ताठ बसले. "आमच्याकडे घड्याळ कोणी फिरवत नाही."

मी खाली बघत होतो. मला आईने बोलावून ठेवलेले गुरुजी आठवत होते. माझ्या तोंडून जे निघालं ते मी आरशासमोर बसवलेलं नव्हतं. "नाही सर. कोणीच फिरवत नाही. म्हणूनच म्हटलं, दोन दिवस कोणी फिरवू नये. आणि सगळं पुसून पहिल्यापासून बनवू द्यावं."

दुसऱ्यांदा विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

साहेब काही बोलायच्या आत बाळाशेठ म्हणाले, "करू दे पोराला. नायतर मी सगल्यांना सांगनार, कशानं अडलं ते."

दोन दिवस मोठ्या मशीनचं घड्याळ खरं चाललं. सगळे वेळेवर आले आणि वेळेवर गेले. ग्रेसी मॅडम म्हणाल्या, "खरे सहा वाजता सुटून घरी पोचले तर नवऱ्याला वाटलं माझी नोकरी गेली." मी सगळं पुसलं, लंगडा कंपायलर, लायब्ररी, धडधाकट कंपायलर, ओळीने बनवत गेलो. दुपारी वीज गेली, परत आली, मुकादमाने बरोबर राहिलेलं तेवढंच उचललं. त्या माणसाचा कधीच काही दोष नव्हता.

पुनवेच्या दोन दिवस आधी डबा कारखान्यात गेला. तार टाकीत सोडली. पडद्यावर आलं, उणे आठ. जरा वेळाने उणे आठ पूर्णांक दोन. बाळाशेठनी टाकीवर हात धरला, झटकला, आणि म्हणाले, "हां. आता चहा बाहेरनं मागवतो."

साहेबांनी मला कायम केलं. हातात पत्र देताना म्हणाले, "शिस्त महत्त्वाची, राऊत. वेळेची शिस्त." त्यांनी मोठ्या मशीनच्या घड्याळाला पुन्हा कधी हात लावला नाही. त्यांनी भिंतीवर एक नवं घड्याळ आणलं आणि हजेरी त्यावर करायची ठरवली. मग रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी साहेब एक स्टूल आणायचे, भिंतीला लावायचे, त्यावर चढायचे, काटे फिरवायचे आणि उतरून स्टूल जागेवर ठेवायचे. तेवढा वेळ आम्ही सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये अगदी मान घालून काम करायचो. ऑफिसात एवढं मन लावून काम एरवी कधी झालं नाही. माहितीपत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत 'संपूर्ण देशी कंपायलर' तसाच राहिला. त्यात आमची एकही ओळ नव्हती. आमची फक्त चूक होती, ती मात्र पूर्णपणे इथली होती.

मी नंतर बऱ्याच ठिकाणी नोकऱ्या केल्या. आता असे संच बनवायला एक बटण दाबावं लागतं. नव्या मुलांना शिडी आणि माळ्याची गोष्ट सांगितली तर ती सौजन्याने ऐकून घेतात. मला एक खंत आहे. त्या दोन दिवसांनंतरही हजेरीचं घड्याळ खरं ठेवाल का, असं बाकीच्यांसाठी मी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. पण मी तेव्हा नुकताच कायम झालो होतो.

पत्र मिळालं त्या दिवशी घरी आलो. आई देवापाशी गेली. बाबा ओटीवर होते. म्हणाले, "झालं हत्यार?"

"झालं."

"बरं. आता काम सुरू कर."

मी आत गेलो. भिंतीवरचं घड्याळ दिसलं, पंधरा मिनिटं पुढे. इतक्या दिवसांच्या वैतागाने मी सरळ खुर्ची ओढली, वर चढलो आणि घड्याळ खाली काढलं. बाबा मागून आले.

"काय करतोस?"

"खरी वेळ लावतो."

"राहू दे," ते म्हणाले. "तुझी कॉलेजची एसटी सुटू नये म्हणून लावलंय ते. पाचवीला होतास तेव्हापासून मी तुझ्या शाळेसाठी पाच मिनिटं ठेवलेलं, कॉलेज लागलं तशी पंधरा केली."

"कॉलेज संपलं बाबा. केव्हाच."

"माहीत आहे मला." त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं, धोतराच्या सोग्याने काच पुसली. "पण एकदा पुढे केलेलं मागे कशाला घ्यायचं?"

मी खुर्चीवरूनच हात पुढे केला. त्यांनी घड्याळ दिलं. मी ते होतं तसं खिळ्याला लावलं. अजून ते तिथेच आहे, आणि पुढेच आहे.